कोळी, पण डोंगरातले

'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न मला नवा नाही. घरात दख्खनी आणि कविता मराठीत, त्यामुळे विचारणारा गोंधळतो. पण जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंत राहणाऱ्या महादेव कोळ्यांना हाच प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्याला धार असते. तुमची भाषा तर मराठीच, मग तुम्ही वेगळे आदिवासी कसे, असं त्यांना ऐकवलं जातं.

भाषेवरून माणसांच्या वाटा शोधता येतात, हे खरं. अमेरिकेतल्या ओसेज लोकांचंच पाहा. ओसेज, ओमाहा, पोंका, कॉ आणि क्वापॉ या पाच जमातींच्या भाषा सख्ख्या बहिणी. त्यांचे पूर्वज ओहायो नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेला आले आणि मिसिसिपीपाशी पांगले, असं त्यांची परंपरा सांगते. ओमाहा म्हणजे प्रवाहाच्या वर गेलेले, क्वापॉ म्हणजे खाली गेलेले. आपण घाटावरचे आणि तळकोकणातले म्हणतो ना, तसंच काहीसं. अख्खा प्रवास नावातच साठवलेला!

आमच्या डोंगरांत हा दोरा हाती लागत नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यात शेजारच्या ठाकरांची ठाकरीसुद्धा मराठीच्या बोलींतच बसवली आहे. महादेव कोळीही मराठीच बोलतात, डोंगरी वळणाची. त्याआधी ते काय बोलत, हे सांगणारा दगड नाही. दगडावर नावं आहेत ती इतरांची. नाणेघाटात सातवाहनांचा प्राकृत लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत यवन इरिल आणि यवन चिट यांनी दिलेली दानं कोरलेली आहेत. परका व्यापारी दान देऊन दगडावर राहिला. उतारावर नाचणी-वरई पिकवणारा राहिला नाही. म्हणून तो तिथे नव्हताच, असं कसं म्हणणार?

मग पाहायचं काय? कुळं पाहावीत. कॅप्टन मॅकिंटॉश हा इंग्रज अधिकारी कोळ्यांचं बंड मोडण्यासाठी या भागात आला होता. १८३०च्या दशकात त्यानेच या जमातीचा तपशीलवार वृत्तांत लिहिला. (ज्यांच्यावर बंदूक रोखली त्यांच्याबद्दल सर्वांत बारकाईने लिहिणं, ही त्या साहेबांची रीतच होती.) बालाघाटाच्या महादेव डोंगरातून पूर्वज पश्चिमेला आले, ही जमातीतली आठवण. इथे आधी गवळी होते आणि त्यांना हरवून कोळ्यांनी डोंगर घेतले, अशीही आख्यायिका. पण कुळांची यादी वेगळंच सांगते. मूळ कुळं २४ मानली जातात. त्यांत पवार आहेत, चव्हाण आहेत, कदम आहेत आणि गवळीही आहे! ज्यांना हाकलून दिलं म्हणतात, तेच कुळात येऊन बसले आहेत. मला ही यादी आख्यायिकेपेक्षा जास्त खरी वाटते. एकाच डोंगरातून एकाच दिवशी निघालेली जमात कुठेच नसते.

याच मातीतले, जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी आयुष्यभर आदिवासींवर लिहिलं. २००६ साली ते गेले. बाहेरच्या साहेबाने लिहिलेला इतिहास घरातला माणूस पुन्हा लिहू लागला, याचं मोल मोठं आहे.

या लोकांचं शेवटचं स्थलांतर मात्र शोधावं लागत नाही. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि गेल्या शतकाच्या अखेरीस तालुक्याला नाव देणारं जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. 'कोळी' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला होडी आणि जाळं आठवतं. हे कोळी तर भाताची खाचरं कसणारे, हिरडा गोळा करणारे. जमीन बुडाल्यावर त्यांच्यातले कितीतरी जण जलाशयाच्या काठावरच वर सरकले, मासेमारी शिकले, सहकारी संस्था उभी केली. 'शाश्वत' या संस्थेच्या मदतीने झालेल्या या कामाला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

बुडालेल्या खाचरांची नावं तिथली म्हातारी माणसं अजून घेतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या त्याच जमिनीत गाळपेर होते.