गतयौवनाचा शोध आणि पुराव्याची कसोटी

१८८९ सालच्या जून महिन्याच्या पहिल्या तारखेस पॅरिस येथील जीवशास्त्र-मंडळासमोर एक ७२ वर्षांचा वृद्ध विद्वान बोलावयास उभा राहिला. मॉरिशस बेटांत जन्मलेला हा शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार कोणी भोंदू वैद्य नव्हता. मज्जारज्जूवरील त्याच्या संशोधनास सर्व यूरोपांत मान होता, आणि क्लोद बेर्नारसारख्या थोर शरीरशास्त्रज्ञाच्या मागून कॉलेज द फ्रान्समधील अध्यापकाचें आसन त्यासच मिळालें होतें. त्यानें सांगितलें तें असें: कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणग्रंथि वाटून पाण्यांत काढलेला रस त्यानें स्वतःच्या कातडीखालीं टोचून घेतला, आणि थोड्याच दिवसांत गेलेली शक्ति परत आली. प्रयोगशाळेंत तासन् तास उभें राहून काम करतां येऊं लागलें, जिना धांवत चढतां येऊं लागला, हाताचें बळ यंत्रावर अधिक भरलें, मूत्राची धार पूर्वीपेक्षां चतुर्थांशानें लांब जाऊं लागली.

या शेवटच्या मोजमापास वाचकांनीं हंसूं नये. ज्या मनुष्यानें आपल्या देहाचा इतका खासगी हिशेब भर सभेंत मांडला, त्याच्या सत्यनिष्ठेविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. आणि आमच्या मतें या कथेंतील मर्म येथेंच आहे. साक्षीदार प्रामाणिक होता, मोजमाप त्यानें स्वतः केलें होतें, आणि तरीही निष्कर्ष चुकला. २००२ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं त्याच्याच कृतीनें तो रस पुनः तयार करून तपासला. पुरुषत्वाचें अंतःस्रावी द्रव्य पाण्यांत फारसें विरघळत नाहीं. त्या रसांत तें इतकें अल्प निघालें कीं, मानवी देहावर त्याचा परिणाम संभवतच नाहीं. ब्राउन-सेकारास बळ आलें तें रसाचें नव्हे, अपेक्षेचें. ही शंका त्याच्याही मनास शिवली होती, म्हणूनच इतरांनीं हा प्रयोग करून पाहावा असें त्यानें सुचविलें. अनेक देशांतील वैद्यांनीं तो केलाही. परंतु त्यांच्या रोग्यांच्या ठायीं तीच आशा होती. आणि एकाच आशेचे शंभर साक्षीदार म्हणजे शंभर पुरावे नव्हेत.

खेदाची गोष्ट ही कीं, खरी रीत चाळीस वर्षांपूर्वींच दाखविली गेली होती. १८४९ सालीं ग्यॉटिंगेन येथील आर्नोल्ड बेर्टोल्ड यानें कोंबड्याच्या सहा नर पिलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. दोघांच्या वृषणग्रंथि त्यानें काढून टाकल्या. बाकीच्या चौघांच्या उदरांत एक-एक ग्रंथि मूळ संबंध तोडून राहूं दिली. पहिल्या दोघांचे तुरे खुरटले, आरवणें व झुंजणें संपलें; ते चौघे मात्र पूर्ण कोंबडे झाले. मज्जातंतु तुटले असतांही गुण टिकला, अर्थात् ग्रंथींतून कांहीं द्रव्य रक्तांत उतरत असलें पाहिजे. सहा पिलांचा हा प्रयोग लहान खरा. पण त्यांत दोन गोष्टी होत्या. तुलनेसाठीं दुसरा गट होता, आणि कोंबड्यास आपण तरुण व्हावें अशी आशा नव्हती. या निबंधाकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. ब्राउन-सेकाराचें भाषण मात्र जगभर गाजलें.

पुढील अर्धशतकांत आशेचाच बाजार वाढला. पॅरिसमध्यें सर्ज वोरोनॉफ यानें १९२० सालीं वानराच्या वृषणग्रंथीच्या चकत्या मनुष्यांत शिवण्यास आरंभ केला, व श्रीमंत वृद्धांची त्याच्या दारीं रीघ लागली. परक्या देहाचें मांस शरीर नाकारतें, हें पीटर मेडावर प्रभृतींनीं १९४० नंतरच्या दशकांत स्पष्ट केलें. तेव्हां त्या चकत्यांचें मागें व्रणावांचून कांहीं उरत नसे हें उघड झालें. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतीं जॉन ब्रिंक्ली यानें तर बोकडाच्या ग्रंथि बसविण्याचा धंदाच मांडला आणि स्वतःच्या रेडिओ-केंद्रावरून त्याची जाहिरात चालविली. १९३० सालीं त्याचा वैद्यकीचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षीं तो गव्हर्नरच्या निवडणुकीस उभा राहिला आणि त्यास लाखांहून अधिक मतें पडलीं! बरें झाल्याची साक्ष देणारे त्याच्यापाशींही कमी नव्हते.

परंतु आम्हां भारतीयांस सर्वांत विचार करावयास लावणारी कथा व्हिएन्नाच्या ऑयगेन श्टाइनाखची आहे. शुक्रवाहिनी बांधली म्हणजे वीर्य उत्पन्न करणारा भाग सुकतो, अंतःस्राव करणारा भाग वाढतो आणि मनुष्य पुनः तरुण होतो, असा त्याचा सिद्धान्त. १९२३ सालीं सिग्मंड फ्रॉइड यानें ही शस्त्रक्रिया करून घेतली. १९३४ सालीं आयरिश कवि येट्स यानें वयाच्या ६८ व्या वर्षीं ती लंडनमध्यें करविली, आणि आपणांस नवें चैतन्य लाभलें असें तो मानी. बडनेऱ्यास जन्मलेले पुरोहितस्वामी यांच्यासह त्यानें केलेलें दशोपनिषदांचें इंग्रजी भाषान्तर १९३७ सालीं निघालें, तें या ‘नव्या यौवना’च्याच काळांतलें. त्याच्या उत्तरकालीन काव्याची थोरवी आम्ही जाणतों. पण तिचें श्रेय त्या शस्त्रास देतां येत नाहीं.

कां, तें आपल्याच देशाच्या अनुभवावरून समजेल. श्टाइनाखची शस्त्रक्रिया म्हणजे दुसरें-तिसरें कांहीं नसून आपल्या परिचयाची नसबंदीच होय. १९७६-७७ या एका वर्षांत भारतांत ६० लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. तींत सक्ति किती होती हें सर्वश्रुत आहे. इतक्या पुरुषांपैकीं कोणी तरुण होऊन परतल्याचें कोणीं ऐकलें नाहीं. उलट, नसबंदीनें पुरुषाची ताकद जाते, कष्टाचें काम होत नाहीं, अशी भीति खेडोपाडीं पसरली होती, व ती अद्याप सरलेली नाहीं. छेद एकच; व्हिएन्नांत त्यानें शक्ति येते असें वाटलें, येथें त्यानें ती जाते असें वाटलें. दोन्ही ठिकाणीं मनुष्यांनीं आपल्या देहांत तसा अनुभव घेतल्याचें शपथेवर सांगितलें असतें. वस्तुतः त्या छेदानें अंतःस्रावाच्या प्रमाणांत फरक पडत नाहीं.

तें द्रव्य हातीं आलें १९३५ सालीं. ॲम्स्टरडॅम येथें एर्न्स्ट लाकर याच्या सहकाऱ्यांनीं बैलांच्या सुमारें १०० किलो वृषणग्रंथींतून अवघें १० मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य काढलें व त्यास टेस्टोस्टेरोन हें नांव दिलें. त्याच वर्षीं बुटेनांड्ट व रुझिच्का यांनीं तें कृत्रिम रीतीनें सिद्ध केलें. त्यानंतर सहाच वर्षांनीं, १९४१ सालीं, चार्ल्स हगिन्स यानें दाखविलें कीं, प्रोस्टेट ग्रंथीचा पसरलेला कर्करोग याच स्रावावर पोसतो व तो स्राव बंद केल्यास हटतो. जें अमृत म्हणून टोचलें जात होतें, तें काढून घेणें हीच येथें चिकित्सा ठरली.

खरी कसोटी मात्र द्रव्यानें लागली नाहीं. ती लागली रीतीनें. रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दोन गट पाडावयाचे, एकास औषध द्यावयाचें, दुसऱ्यास हुबेहूब तशीच दिसणारी रिकामी गोळी, आणि कोणास काय दिलें हें रोगी व वैद्य दोघांसही कळूं द्यावयाचें नाहीं. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या सिल्डेनाफिलच्या परीक्षणांत औषध घेणाऱ्यांचे समागमाचे शंभरांतील ६९ प्रयत्न सफल झाले, रिकामी गोळी घेणाऱ्यांचे २२. औषधाचा गुण सिद्ध झाला. पण ब्राउन-सेकाराचें रहस्यही त्या २२ च्या आंकड्यांत उकललें. २०१६ सालीं ज्यांच्या रक्तांत टेस्टोस्टेरोन कमी आहे अशा ६५ वर्षांवरील ७९० पुरुषांचें परीक्षण प्रसिद्ध झालें. कामेच्छेंत व सामर्थ्यांत मध्यम सुधारणा आढळली. जो उत्साह ब्राउन-सेकारानें वर्णिला, त्यांत मात्र नांव घेण्याजोगा फरक दिसला नाहीं. वाढलेल्या प्रोस्टेटमुळें रात्रीं वारंवार उठावें लागणाऱ्यांस सॉ पाल्मेटो या झुडपाच्या फळांचा अर्क फार दिवस दिला जात असे. २००६ सालीं २२५ पुरुषांवर व २०११ सालीं तिप्पट मात्रेनें ३६९ पुरुषांवर तो कसोटीस लावला. दोन्ही वेळां रिकाम्या गोळीहून तो सरस ठरला नाहीं.

आपल्याकडे ही इच्छा जुनीच आहे. वाजीकरण हें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक. दुधांत शिजविलेल्या बोकडाच्या अंडांचा प्रयोग सुश्रुतसंहितेंत आहे. इच्छेस दोष देण्याचें कारण नाहीं. दोष आहे तो तिच्याभोंवतीं आपण उभ्या केलेल्या मौनाचा. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढून या विषयावर शास्त्रीय भाषेंत लिहिलें, तेव्हां त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत त्यांची बाजू मांडण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींस आळा घालणारा देशव्यापी कायदा मात्र १९५४ सालीं झाला. जो समजावून सांगे तो आरोपी, आणि जो विके तो मोकळा!

त्या मौनाची किंमत आजही भरावी लागते. पुरुषाचें असामर्थ्य हें पुष्कळदां मधुमेहाचें अथवा हृदयरोगाचें पूर्वचिन्ह असतें. लज्जेनें तें लपविणारा मनुष्य आपल्या हृदयाची सूचनाच लपवीत असतो. केवळ वनस्पतींच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांत सिल्डेनाफिल चोरून मिसळलेलें अमेरिकन औषध-प्रशासनास वारंवार आढळलें आहे. हृदयविकारासाठीं नायट्रेट घेणाऱ्यास असा संयोग प्राणघातक होऊं शकतो. जाहिरातींतील ‘मला गुण आला’ हें वाक्य खोटेंच असतें असें आमचें म्हणणें नाहीं. तें पुष्कळदां अगदीं खरें असतें, आणि म्हणूनच त्यावर विसंबतां येत नाहीं. ब्राउन-सेकारही खरेंच बोलत होता. ग्रंथींतून रक्तांत कांहीं उतरतें हा त्याचा मूळ तर्क बरोबर निघाला, व अंतःस्रावांच्या शास्त्रास त्यानें मोठी चालना दिली. पण त्या रसानें त्याचें वार्धक्य हटलें नाहीं. १८९४ सालच्या एप्रिलमध्यें, भाषणानंतर पुरतीं पांच वर्षेंही झालीं नव्हतीं तों, तो निवर्तला.