फांशांचें दैव आणि खेळाडूचा पुरुषकार

संगणकावरील अद्भुतरम्य खेळांत प्रवेश करतांना घरांतील तरुणांस प्रथम एक कोष्टक भरावें लागतें. बळ, चापल्य, बुद्धि अशा शब्दांपुढें अंक मांडलेले असतात, आणि जो तो मोठ्या अंकामागें धांवतो. वडील मंडळींस हा निव्वळ पोरखेळ वाटतो. परंतु या कोष्टकाचा इतिहास पाहिला, तर दैव आणि पुरुषकार यांचा जुनाच वाद त्यांत चाललेला आढळतो.

या अंकांचा उगम युद्धाच्या पटांत आहे. १८२४ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील रायस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें नकाशा व फांसे घेऊन खेळावयाची लढाई प्रसिद्ध केली. तींत हिशेब असे तो तुकड्यांचा. एकट्या शिपायाचे गुण कोणी मोजीत नसे. १९७१ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनीं 'चेनमेल' नांवाचे युद्धखेळाचे नियम छापले, आणि त्यांच्या अद्भुत पुरवणींत एका वीरास चार शिपायांचें सामर्थ्य दिलें. समूहांतून व्यक्ति अशी वेगळी निघाली. पुढें १९७४ सालीं गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला. त्यांत प्रत्येक पात्रास सहा गुण मिळाले : बळ, बुद्धि, शहाणपण, शरीराचा काटकपणा, चापल्य आणि लोकांवर छाप पाडण्याची शक्ति. योद्ध्यास बळ, मांत्रिकास बुद्धि व धर्मोपदेशकास शहाणपण मुख्य मानलें होतें. बुद्धिमान मनुष्य शहाणा असतोच असें नाहीं, हा आपल्या नित्य अनुभवांतला भेद या नियमकारांनीं नेमका ओळखला होता.

आरंभीं सारी सत्ता दैवाची होती. प्रत्येक गुणासाठीं तीन फांसे टाकावयाचे व बेरीज मांडावयाची. तीन फांशांचे २१६ प्रकार होतात. त्यांत १८ ही बेरीज एकदांच येते, तर १० किंवा ११ ही ५४ वेळां येते. म्हणजे असामान्य गुण विरळा आणि मध्यम गुण सार्वत्रिक. जें पदरीं पडेल तें पाहून मग खेळाडूनें पात्राचा पेशा निवडावा, अशी रीत होती.

पुरुषकारानें लवकरच डोकें वर काढलें. १९७७ सालच्या 'मेली' या स्टीव्ह जॅक्सन यांच्या खेळांत बळ व चापल्य मिळून २४ गुण खेळाडूनेंच वाटून घ्यावयाचे होते. १९८१ सालीं संगणकावर आलेल्या 'विझर्ड्री'नें दोहोंचा मेळ घातला. वांटावयाचे गुण किती हें दैव ठरवी, ते कोठें घालावयाचे हें खेळाडू ठरवी. २००० सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तींत १८ अंकाचें बक्षीस अवघें ४ होतें, आणि तें वीस बाजूंच्या फांशाच्या दानांत मिळवावयाचें होतें. शिवाय दर चार पायऱ्या चढल्यावर कोणताही एक गुण एकानें वाढे. जन्मजात गुणाला मोल होतें. पण एकट्याच्या बळावर तो खेळ जिंकून देत नसे.

हे अंक केवळ गणिताचे मात्र नव्हेत. १९७८ सालच्या नियमग्रंथांत स्त्रीपात्रांच्या बळास पुरुषपात्रांहून खालची मर्यादा घातली होती. १९८९ सालच्या आवृत्तींत ती काढून टाकण्यांत आली. ज्या कल्पित जगांत मांत्रिक हातांतून अग्नि सोडतो, तेथेंही स्त्रीचें बळ आधींच कोणीतरी आंखून ठेवावें, यावरून कोष्टकें करणाऱ्यांचे समज अंकांत कसे उतरतात हें दिसून येतें. उलट १९९७ सालच्या 'फॉलआउट'मध्यें बुद्धीचा अंक अगदीं कमी ठेवल्यास पात्राचें बोलणेंच पालटे आणि भेटणारी माणसेंही त्याच्याशीं निराळें वागत. तेथें उणीव हीच कथा होई.

म्हणून खेळणाऱ्या तरुणांस आमचें सांगणें इतकेंच, कीं कोष्टकांतील मोठा अंक शोधण्यापूर्वी तो अंक काय करूं शकतो व काय करूं शकत नाहीं हें समजून घ्यावें. आणि पालकांसही आम्ही सुचवूं, कीं परीक्षेच्या गुणपत्रिकेकडे पाहतांना हाच प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारून पाहावा.