आसगावचे नेव्हिल डिसोझा

चवथीच्या स्मरणिकेत फुटबॉलचा लेख कशाला, असे कोणी विचारील. विचारू दे. पेडण्याहून शापोरा नदी ओलांडली की शिवोली, आणि तिथून जवळच आसगाव. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, शिवोलीत, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांच्याबरोबर, असे सांगतात. नदीच्या अलीकडे, आमच्या पेडणे-डिचोलीत, वाडवडिलांना नाटक-भजनातून चेंडूकडे बघायला सवड नव्हती. म्हणूनच की काय, आसगावच्या नेव्हिल डिसोझांचे नाव आमच्या घरांत फारसे निघत नाही.

जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा. नाव कमावले मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ते भारतीय संघातून गेले, तेव्हा चोवीस वर्षांचे होते. तो काळ आठवावा. जेमतेम वर्षापूर्वी, १५ ऑगस्ट १९५५ ला, आमच्याच पत्रादेवीवर पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या. कर्नैल सिंग तिथेच पडले. गोवा भारतात नव्हता. गोव्याचा मुलगा मात्र भारताचा सदरा घालून मैदानात उतरला होता.

१ डिसेंबरला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पहिला गोल केला. ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. नेव्हिल यांनी दुसरा केला, मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिल यांचा तिसरा! ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा घातला आणि सामना ४-२ असा संपला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल हे पहिले आशियाई खेळाडू.

उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यांचाच. थोडा वेळ भारत पुढे होता. मग त्यांनी चार घातले. ७ डिसेंबरला मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर कांस्यपदकासाठी बल्गेरियाकडून ०-३ अशी हार झाली. गंमत म्हणजे त्याच दिवशी त्याच मैदानावर, लांबट चेंडूच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचाही प्रदर्शनीय सामना झाला. पदक हुकले, पण चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत राहिले.

पुढे त्यांचे भाऊ डेरेकही भारताकडून खेळले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि आसगावही भारतात आले.

नेव्हिल १६ मार्च १९८० ला गेले, वय अवघे सत्तेचाळीस. १९८३ मध्ये गोव्याने बंगालबरोबर संतोष करंडक पहिल्यांदा वाटून घेतला, तो पाहायला ते नव्हते. आसगावचे नाव आज निघते ते महागडे बंगले आणि हॉटेलांसाठी. आम्ही पेडण्याचे लोक म्हापशाच्या बाजाराला जाताना त्या वाटेने कितीदा तरी गेलो आहोत.