पाहिलेला कागद : बेलग्रेडच्या दारातला भारतीय प्रवासी

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना एक गोष्ट वारंवार जाणवते. धक्क्यावरून बोट सुटते, निरोपाचे रुमाल हलतात, आणि पुढच्या प्रकरणात लेखक परक्या शहराच्या रस्त्यावर उभा असतो. मधला एक प्रसंग बहुधा गळालेला असतो. काही वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने नेमके त्यावरच बोट ठेवले. ‘‘सर, पण ह्यांना तिथं जाऊ कुणी दिलं?’’ वर्ग हसला. मीही हसण्यावारी नेले. पुढे मात्र हा प्रश्न काही केल्या पाठ सोडीना. परवानगीचा इतिहास हा प्रवासवर्णनाचा न लिहिलेला पूर्वार्ध आहे, असे आता मला वाटते. तो पूर्वार्ध एका दारापुरता तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ते दार म्हणजे बाल्कन प्रदेशातले बेलग्रेड. आधी युगोस्लाव्हियाची आणि आज सर्बियाची राजधानी असलेल्या या शहराने भारतीय प्रवाशाला गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या नजरांनी पाहिले आहे.

‘पाहिले’ हे क्रियापद येथे मुद्दाम वापरले आहे. ‘व्हिसा’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘पाहिलेला कागद’ असा अर्थ आहे. कुणा अधिकाऱ्याने तुमचा कागद पाहिला आणि त्यावर तशी खूण केली, की झाला व्हिसा. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांतल्या ‘दस्तक’ या शब्दात ‘दस्त’ म्हणजे हात आहे. एका शब्दात सत्तेचा हात, तर दुसऱ्यात सत्तेचा डोळा. हा डोळा माणसाला पाहतो, की त्याच्या देशाला, की आणखी कुणाला, हा खरा प्रश्न आहे.

रवींद्रनाथ ठाकूर नोव्हेंबर १९२६ मध्ये झाग्रेब आणि बेलग्रेड या शहरांत व्याख्यानांसाठी गेले. त्या काळी भारतीय माणसाचे पारपत्र हे साम्राज्याचे पारपत्र होते. पहिल्या महायुद्धापर्यंत बहुतेक प्रवासाला पारपत्र लागतच नसे. युद्धकाळात ते सक्तीचे झाले, आणि १९२० च्या कायद्याने हिंदुस्थानात प्रवेश करण्यासाठीही त्याची अट पक्की झाली. म्हणजे आज आपण जी व्यवस्था अनादी समजतो, तिचे वय जेमतेम शंभर वर्षे आहे. युद्धासाठी म्हणून आलेला निर्बंध शांततेतही मुक्कामाला राहिला.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. भारत आणि युगोस्लाव्हिया यांचे राजनैतिक संबंध १९४८ मध्ये जुळले. त्याच वर्षी स्टालिनने युगोस्लाव्हियाला साम्यवादी गोटातून बाहेर काढले होते. एकट्या पडलेल्या टिटोंना मित्र हवे होते आणि नेहरूंना दोन्ही गोटांबाहेरचा सोबती. डिसेंबर १९५४ मध्ये टिटो ‘गालेब’ या जहाजातून मुंबई बंदरात उतरले. जुलै १९५६ मध्ये ब्रियोनी बेटावर नेहरू, नासेर आणि टिटो भेटले. सप्टेंबर १९६१ मध्ये पंचवीस देशांची पहिली अलिप्ततावादी परिषद बेलग्रेडला भरली. आजही नव्या बेलग्रेडमध्ये गांधींच्या आणि नेहरूंच्या नावाचे रस्ते आहेत, आणि दक्षिण दिल्लीत जोसिप ब्रोझ टिटो मार्ग आहे.

पण रस्त्यांना नावे देणे आणि त्या रस्त्यांवर सामान्य माणसाला चालू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येथे १९६७ हे वर्ष विलक्षण महत्त्वाचे ठरते. संयुक्त राष्ट्रसंघाने ते आंतरराष्ट्रीय पर्यटन वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी १ जानेवारीपासून युगोस्लाव्हियाने परदेशी पाहुण्यांसाठी व्हिसाची अट काढून टाकली. असे करणारा तो पहिला साम्यवादी देश. यामागे निव्वळ बंधुभाव होता असे मानण्याचे कारण नाही. एड्रियाटिक किनाऱ्यावर येणाऱ्या जर्मन आणि इटालियन पर्यटकांच्या खिशातले परकीय चलन हे त्यामागचे ठोस कारण होते. तरीही दार उघडले ते सर्वांसाठी.

योगायोग असा, की त्याच वर्षी भारतातही एक दार उघडले. तोवर पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जी होती, आणि दिलेले पारपत्रही त्यात नोंदलेल्या देशांपुरतेच चाले. सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यापाऱ्याला सरकारने पारपत्रे परत करण्यास सांगितले तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १० एप्रिल १९६७ रोजी न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला, की परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. त्यापाठोपाठ जूनमध्ये पारपत्र कायदा आला. घराबाहेर पडण्याचा हक्क आणि पाहुणा म्हणून आत येण्याची मुभा, दोन्ही एकाच वर्षी हाती आल्या.

मग भारतीयांची रीघ बेलग्रेडला लागली का? नाही. कारण तिसरे एक दार होते, ते रिझर्व्ह बँकेचे. परकीय चलन मोजून मापून मिळे, आणि त्यासाठीचा ‘पी फॉर्म’ मंजूर झाल्याशिवाय तिकीटही हाती येत नसे. खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसल्याच्या आठवणी त्या पिढीतल्या पुष्कळांनी सांगितल्या आहेत. म्हणून त्या काळात बेलग्रेडला पोचलेला भारतीय हा मुख्यतः कुणाचा तरी प्रतिनिधी असे : शिष्टमंडळाचा सदस्य, शिष्यवृत्तीचा विद्यार्थी, अभियंता, खलाशी, लेखकांच्या मेळाव्याचा पाहुणा. दार उघडे होते, पण त्यातून आत जाणाऱ्याच्या मागे राष्ट्र उभे होते. ज्याच्या मागे कुणीच नाही असा प्रवासी त्या सुवर्णकाळातही दुर्मिळ होता. त्या मैत्रीचे गोडवे गाताना हे विसरू नये.

टिटो १९८० मध्ये निवर्तले. १९९१ पासून युगोस्लाव्हिया फुटू लागला. मे १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेने बेलग्रेडवर निर्बंध लादले. एकेकाळी पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडे चालणारे लाल युगोस्लाव्ह पारपत्र ही त्या देशातील नागरिकांची मिरवण्याची वस्तू होती. तेच नागरिक आता पश्चिमेच्या वकिलातींपुढे रांगेत उभे राहिले. सर्बियाच्या नागरिकांना युरोपच्या शेंगेन क्षेत्रात व्हिसाविना जाण्याची मुभा १९ डिसेंबर २००९ रोजी परत मिळाली. रांगेत ताटकळणे म्हणजे काय, हे या समाजाला अनुभवाने ठाऊक आहे. पुढच्या घटना वाचताना हा तपशील ध्यानात ठेवायला हवा.

सप्टेंबर २०१७ मध्ये सर्बियाने साध्या भारतीय पारपत्रावर तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसाची अट काढली. पर्यटन आणि व्यापार ही कारणे होतीच. शिवाय कोसोव्होने २००८ मध्ये जाहीर केलेल्या स्वातंत्र्याला भारताने मान्यता दिलेली नाही, याची बेलग्रेडला कदर आहे. भारताने मात्र सर्बियन नागरिकांसाठी व्हिसा रद्द केला नाही. म्हणजे उदारता एकाच बाजूची होती. १९६७ पेक्षा या वेळी एक मोठा फरक होता. भारतीय मध्यमवर्गाच्या खिशात आता चलन होते, आणि ज्याच्या मागे राष्ट्र नाही, शिष्टमंडळ नाही असा साधा प्रवासीही विमानात बसू शकत होता.

त्यांतले सगळेच बेलग्रेडला थांबायला गेले नाहीत. काहींसाठी ते शहर मुक्काम नव्हते, वाटेवरचा थांबा होता. तेथून उत्तरेला हंगेरीची सीमा, आणि पलीकडे ऑस्ट्रिया. २०२२ मध्ये ऑस्ट्रियात आश्रयासाठी एक लाखाहून अधिक अर्ज आले. त्यांत भारतीयांचे अर्ज जवळपास वीस हजार होते. युरोपीय संघाने सर्बियाला बजावले, की तुमचे व्हिसाधोरण आमच्या धोरणाशी जुळवून घ्या. सर्बिया संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार आहे. शिवाय त्याच्या नागरिकांना २००९ मध्ये मिळालेली सवलत स्थगित करण्याचा अधिकार संघाच्या हाती आहे. ही टांगती तलवार पुरेशी होती. १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांसाठी व्हिसा पुन्हा सक्तीचा झाला. त्याच दिवशी शेजारचा क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात सामील झाला. एका काळी ज्या देशात कुठूनही आत शिरले तरी झाग्रेब आणि बेलग्रेड यांच्यामध्ये कुणी अडवत नसे, त्याच भूमीवर एकाच तारखेला एक सीमा पुसट झाली आणि दुसरी गडद.

सर्बियाला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. आपल्या नागरिकांचा मोकळा प्रवास वाचवण्यासाठी त्याने दुसऱ्यांचा रोखला. ज्याने रांग भोगली आहे तो पुन्हा रांगेत जाण्याची धास्ती घेणारच. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. भारतीयाने बेलग्रेडला जावे की नाही, याचा निर्णय दिल्ली आणि बेलग्रेड यांच्यात झाला नाही. तो तिसरीकडे ठरला.

आजचे नियम वाचले तर हे अधिकच स्पष्ट दिसते. अल्प मुक्कामासाठी भारतीय प्रवाशाला सर्बियाच्या दूतावासाकडून व्हिसा घ्यावा लागतो. त्यासाठी वैध पारपत्र, निमंत्रण किंवा हॉटेलचे आरक्षण, परतीचे तिकीट, आरोग्यविमा, खर्चाची ऐपत दाखवणारे कागद द्यावे लागतात. पण ज्याच्याकडे शेंगेनचा, ब्रिटनचा किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, त्याला सर्बियाचा व्हिसा लागतच नाही. त्या व्हिसाच्या मुदतीत, एकशेऐंशी दिवसांतले नव्वद दिवसांपर्यंत, तो तेथे राहू शकतो. म्हणजे श्रीमंत देशांनी ज्याचा कागद एकदा ‘पाहिला’ आहे, त्याच्याकडे बेलग्रेड पुन्हा रोखून पाहत नाही. नजर उसनी घेतलेली आहे.

एकदा आत आल्यावर चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे मुक्कामाची नोंद व्हावी लागते. हॉटेल ती परस्पर करते. मित्राच्या घरी उतरलात तर यजमानाला करावी लागते. या नोंदीच्या कागदाला तेथे ‘पांढरे कार्ड’ म्हणतात. कोसोव्होची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिसऱ्या देशातून थेट कोसोव्होत शिरून मग सर्बियात येऊ पाहणाऱ्याला सीमेवरून परत पाठवले जाऊ शकते. सर्बियाच्या लेखी कोसोव्हो हा आपलाच प्रदेश असल्यामुळे तेथील शिक्का हा प्रवेशाचा शिक्काच नव्हे. कागदावरची ती निळी-काळी मोहोर वाचता येणे हे इतिहास वाचता येण्यावर अवलंबून असते, ते असे.

आणखी एक विसंगती नोंदवायला हवी. पर्यटकाच्या दाराला कडी लागली, त्याच सुमारास कामगाराचे दार रुंदावले. मनुष्यबळाची चणचण असलेल्या सर्बियात बांधकामांवर भारतीय कामगार दिसू लागले आहेत. २०२४ पासून तेथे राहण्याचा आणि कामाचा परवाना एकत्र मिळतो. १९६० च्या दशकात युगोस्लाव्ह कामगार पश्चिम जर्मनीला जात. आज त्याच बेलग्रेडमध्ये विटा रचायला दुसऱ्या खंडातून माणसे येतात. पाहुणा म्हणून संशयित, हात म्हणून स्वागतार्ह. ‘दस्तक’मधला हात येथे निराळ्या अर्थाने परत येतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतो. ‘ह्यांना तिथं जाऊ कुणी दिलं?’ १९२६ मध्ये साम्राज्याने, १९६१ मध्ये राष्ट्राने, आणि आज बव्हंशी तिसऱ्याच देशाने चिकटवलेल्या पारपत्रावरच्या एका कागदाने. प्रत्येक वेळी पाहणाऱ्या डोळ्याला माणसामागचे काहीतरी दिसत होते. केवळ माणूस दिसला तो २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत, आणि तो दिसताच दार मिटले.

आपली प्रवासवर्णने ही ज्यांचा कागद मान्य झाला अशांची लेखनपरंपरा आहे. तिचे सौंदर्य मी नाकारत नाही. वर्षानुवर्षे तीच तर शिकवत आलो. पण ऑस्ट्रियात अर्ज करणाऱ्या त्या हजारो भारतीयांनीही प्रवास केला होता. शेत गहाण टाकून, दलालाला पैसे मोजून निघालेले त्यांत कुणी असतील. रात्री सीमेवरच्या रानातून चालत गेलेले असतील. त्यांच्या प्रवासाचे वर्णन सरकारी अर्जाच्या रकान्यांत पडून आहे. त्याला वाङ्मय म्हणायचे की नाही हा वाद होत राहील. मात्र पुढच्या सत्रात हा वाङ्मयप्रकार शिकवताना मागच्या बाकावरचा तो प्रश्न मी स्वतःच पहिल्या तासाला विचारणार आहे, आणि या वेळी तो हसण्यावारी नेणार नाही.