बंबावालेई ते ॲरिझोनेन्सिस

आमच्या पूर्णेच्या रानात पिठ्या ढेकूण कुणाला सांगावा लागत नाही. त्याला मारणारी माशी मात्र कुणाला ठाऊक नसते.

२००५ नंतर ही अमेरिकन कीड भारतातल्या कपाशीवर पसरली. अंगावर मेणाचा थर, म्हणून फवारणी नीट लागू पडेना. मग काही ढेकूण तपकिरी, टणक होऊन मेलेले दिसू लागले. त्यांतून निघाली जेमतेम दोन मिलिमीटरची काळी माशी, गांधीलमाशीची दूरची नातेवाईक. ती जिवंत ढेकणात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते.

२००९ मध्ये अलीगढच्या मोहम्मद हयात यांनी तिला नवी प्रजाती ठरवलं आणि शास्त्रज्ञ बंबावाले यांच्यावरून 'एनासियस बंबावालेई' नाव दिलं. पुढे कळलं, १९१५ मध्येच गिरॉल्ट यांनी तिचं 'ॲरिझोनेन्सिस' असं बारसं केलं होतं. नियमाने जुनं नाव टिकलं.

माझ्या कामात याला डुप्लिकेट नोंद काढणं म्हणतात. मराठी आडनाव गेलं याची चुटपुट लागते. पण जुन्या नावाने माशीचं गाव कळलं: किडीचा शत्रूही किडीच्याच मुलखातला.

तेव्हा पऱ्हाटीवर तपकिरी, टणक ढेकूण दिसला, तर पंप उचलण्याआधी थांबा. आत माशी असेल.