रंगावर पडलेले ऊन
उमरोळी स्टेशनावरून बोईसरकडे जाणाऱ्या सकाळच्या गाड्यांत तारापूर एमआयडीसीचे कामगार असतात. तिथल्या कारखान्यांत औषधे होतात, कापड होते आणि रंगही होतात. उन्हाने बिघडलेल्या, पुढे कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या कातडीवरचा एक इलाज अशाच रंगांच्या अभ्यासातून निघाला, तोही सव्वाशे वर्षांपूर्वी, जर्मनीत.

म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा वैद्यकीचा विद्यार्थी डांबरापासून मिळणाऱ्या अक्रिडीनचा विषारीपणा पॅरामेशियम या एकपेशीय जीवांवर तपासत होता. द्रावण तेच, पण जीव कधी लवकर मरत, कधी बराच वेळ तगून राहत. उलगडा झाला तो हवामानामुळे: एका प्रयोगाच्या दिवशी वादळाने आभाळ भरून आले होते. पातळ द्रावण अंधारात फारसे काही करत नव्हते. उजेड पडला की मात्र ते जीवघेणे ठरे. 1900 साली हा शोध छापून आला. राबचे गुरू हेर्मान फॉन टापायनर यांनी 1903 मध्ये इओसिन हा लाल रंग रुग्णांच्या त्वचेवरील गाठींना लावून त्यांवर प्रकाश सोडला. त्याच वर्षी त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना नोबेल मिळाले.

1912 मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या डॉक्टरने रक्तातील रंगद्रव्यापासून केलेले हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतले आणि तो उन्हात गेला. अंग सुजले आणि पुढे कित्येक महिने त्याला ऊन सोसेना.

आपल्याकडे वनस्पती आणि ऊन यांची जोडी त्याहून कितीतरी जुनी. कोडावर बावचीचे बी द्यायचे आणि रुग्णाला उन्हात बसवायचे, हा आयुर्वेदातला परिपाठ. त्या बियांतल्या सोरालेनमुळे त्वचा उन्हाला हळवी होते. 1974 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी सोरालेन वर्गातले औषध आणि अतिनील किरण यांचा मेळ सोरायसिसवर घातला. पुढे, दीर्घकाळ असे उपचार घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत त्वचेचा कर्करोग वाढल्याचेही दिसले. उमरोळीवरून जाणाऱ्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला, सौराष्ट्रात, जामनगरच्या रणजितसिंहांनी 1933 मध्ये उन्हाच्या उपचारांसाठी सूर्याच्या दिशेने फिरणारे सोलारियम उभारले. त्यामागची कल्पना फ्रान्सच्या डॉ. झाँ सेदमां यांची.

राबच्या शोधातून निघालेला, रंगद्रव्य आणि प्रकाश यांचा इलाज कर्करोगपूर्व खरखरीत चट्ट्यांसाठी सोपा केला तो कॅनडाच्या जेम्स केनेडी यांनी. 1990 मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की अमिनोलेव्हुलिनिक आम्ल कातडीवर लावले की पेशी स्वतःच प्रकाशाला संवेदनशील द्रव्य तयार करतात. बिघडलेल्या पेशींत ते जास्त साठते. प्रकाश पडताच ऑक्सिजनचे मारक रूप तयार होऊन त्या पेशी मरतात. उपचाराच्या वेळी चांगलीच आग होते. अमेरिकेत निळ्या प्रकाशाच्या या पद्धतीला डिसेंबर 1999 मध्ये मान्यता मिळाली.

हाम्बुर्गच्या पॉल उना यांनी 1894 मध्ये खलाशांच्या उन्हाने करपलेल्या त्वचेचे आणि तिच्यावर उठणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. सातपाटीचे कोळी आणि उमरोळीच्या भातखाचरांत राबणारे शेतकरीही उन्हाखालीच वाढतात, पण त्यांच्या कातडीतले मेलॅनिन ढालीचे काम करते. म्हणून असे कर्करोगपूर्व चट्टे भारतात क्वचितच दिसतात. जन्मतः मेलॅनिन नसलेल्या माणसांना ही ढाल नसते. त्यांच्या बाबतीत लहानपणापासून टोपी, लांब बाह्या आणि त्वचेची नियमित तपासणी, हाच उपचारांआधीचा बंदोबस्त.