घरगुती इलेक्ट्रॉनिक संगीत

विद्युत्-दोलक, ध्वनिफीत, सिंथेसायझर किंवा संगणक यांच्या साहाय्याने हौशी व्यक्तीने व्यावसायिक स्टुडिओबाहेर, बहुधा राहत्या घरी केलेली संगीतनिर्मिती. ध्वनी घडवणे, रचना, मुद्रण आणि मिश्रण ही सारी कामे सहसा एकटी व्यक्ती करते. केवळ गाणे किंवा वादन घरी मुद्रित करणे या नोंदीत धरलेले नाही.

प्रारंभ : दुसऱ्या महायुद्धानंतर टेपरेकॉर्डर घरोघरी पोचू लागले. फीत कापणे, उलटी लावणे, तिचा वेग बदलणे एवढ्यावर नवे ध्वनी मिळू लागले. इंग्लंडमध्ये एफ. सी. जड यांनी १९६१ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. डॅफ्नी ओरम (१९२५–२००३) काटेकोर अर्थाने हौशी नव्हेत. पण घर हीच प्रयोगशाळा करण्याचे त्यांच्याइतके मोठे उदाहरण दुसरे नाही. १९५९ मध्ये बीबीसी सोडून त्यांनी केंट परगण्यातील एका जुन्या वास्तूत स्वतःचा स्टुडिओ उभारला. तेथे त्यांनी ‘ओरॅमिक्स’ हे यंत्र घडवले. ३५ मिमी. रुंदीच्या दहा फिल्मपट्ट्या एकाच गतीने सरकत. त्यांवर शाईने काढलेल्या आकृत्या प्रकाशविद्युत् घट वाचत आणि त्यांनुसार स्वराची उंची, तीव्रता, कालावधी ठरे. रेखाटलेले संगीत वादकाशिवाय थेट ऐकता येणे, ही या छंदामागची मूळ ओढ येथे स्पष्ट दिसते.

साधने : १९७९ च्या पोर्टास्टुडिओ या मुद्रणयंत्रामुळे साध्या कॅसेटवर चार पदर स्वतंत्रपणे मुद्रित करता येऊ लागले. १९८३ मध्ये आलेला ‘मिडी’ हा संकेत सर्वांत महत्त्वाचा. मिडीच्या तारेतून ध्वनी जात नाही, आज्ञा जाते : कोणता स्वर, किती जोराने, केव्हा सोडायचा. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडता आली. अटारी एसटी (१९८५) या घरगुती संगणकाला मिडीची जोडणी मुळातच होती. अमिगा संगणकावरील साउंडट्रॅकर ही आज्ञावली (१९८७) स्वतंत्र वाद्याशिवायच चार पदरी रचना वाजवी. पुढे व्हीएसटी ही संगीताच्या आज्ञावली एकमेकींना जोडण्याची पद्धत (१९९६) आणि फ्रूटीलूप्स ही रचनेची आज्ञावली (१९९७, नंतरचे एफएल स्टुडिओ) यांमुळे वाद्यांची जागा आज्ञावलींनी घेतली.

रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र (१९८१) एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला बासची साथ मिळावी म्हणून निघाले होते. त्या कामी ते फसले, १९८४ मध्ये बंद झाले आणि जुन्या बाजारात स्वस्त झाले. म्हणूनच शिकागोतील तरुणांच्या हाती लागले. त्यातून ‘अ‍ॅसिड हाउस’ ही शैली निघाली (‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’, १९८७).

भारत : अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ सुरू झाला, तो घरगुती नव्हता. मुंबईचे चित्रपटवादक चरणजित सिंग (मृ. २०१५) यांनी ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे तालयंत्र अशी तीन यंत्रे घरी एकत्र जुळवून रागांचा सराव केला आणि मग १९८२ मध्ये स्टुडिओत दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. ती त्या वेळी दुर्लक्षित राहिली. २०१० च्या पुनर्प्रकाशनानंतर तिला अ‍ॅसिड हाउसचे पूर्वरूप म्हटले गेले. तिचा शिकागोवर प्रभाव पडल्याचा पुरावा मात्र नाही. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. मींडेशी असलेले तिचे साम्य ओळखणे हे सिंग यांचे खरे कर्तृत्व.

महाराष्ट्रात हलगी, संबळ, ढोल-ताशा यांचे नमुने संगणकावर मांडून मिरवणुकीसाठी ‘डीजे मिक्स’ बनवणारे तरुण गावोगावी आहेत. एफएल स्टुडिओतील सोळा चौकटींची ओळ त्यांच्या ठेक्याला सोयीची पडते. मूळ गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न वादाचा आहे.

शिक्षण : मुख्यतः स्वयंशिक्षण.

स्वरव्यवस्था : मिडीत स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक असतात व सहसा ते बारा समान अर्धस्वरांच्या सप्तकाला जोडलेले असतात. श्रुती आणि मींड त्यात सहज बसत नाहीत. स्वर वाकवण्याची आज्ञा आहे, पण ती संपूर्ण चॅनेलला लागू होते. त्यामुळे षड्ज धरून ठेवून त्याच चॅनेलवर गांधार तेवढा हलवता येत नाही. हौशी लोक प्रत्येक स्वराला वेगळा चॅनेल देऊन मार्ग काढत. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई या मिडीच्या विस्ताराने हीच युक्ती प्रमाण केली.